आजारी किशोराच्या घरातील ‘आपण’ आणि ‘आम्ही’

घरातील एखादे मूल दीर्घकाळ आजारी पडले म्हणजे त्या घराचा दिनक्रम बदलतो, जमाखर्च बदलतो, माणसांच्या झोपेच्या वेळा बदलतात. हे फेरफार सर्वांच्या नजरेस येतात. त्याच सुमारास त्या घरातील बोलणेही बदललेले असते. त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोणत्या शब्दाचा उच्चार करावयाचा, कोणासमोर करावयाचा, डॉक्टरांशी कोणी बोलावयाचे आणि मुलाला त्यातले किती सांगावयाचे, यांविषयी अलिखित नियम तयार होतात व घरातील प्रत्येकजण ते पाळू लागतो. आजारी व्यक्ती बारा ते अठरा या वयातील असेल तर हे नियम विशेष गुंतागुंतीचे होतात. या वयाच्या मुलाला लहान समजून बाहेर खेळावयास पाठविता येत नाही, आणि मोठा समजून निर्णयाच्या वेळी जवळ बसविण्याची घराला सवय नसते. अशा कुटुंबाने मुलाला दिलेला आधार पुष्कळ अंशी बोलण्यातून दिलेला असतो. आणि तो कितपत पोहोचला हे ओळखण्याची एक खूण मराठीच्या सर्वनामांत सापडते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखात आलेली घरगुती वाक्ये उदाहरणादाखल रचलेली आहेत.

१. उपचाराचे स्वरूप

विवेचन मोघम होऊ नये म्हणून एकच आजार समोर ठेवणे इष्ट होय. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. त्यात पांढऱ्या पेशींच्या अपक्व पूर्वपेशी अस्थिमज्जेत बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. मूल फिकट पडते, ताप हटत नाही, अंगावर निळसर डाग उठतात. हा आजार लहान मुलांत अधिक आढळतो. किशोरवयातही होतो, आणि त्या वयात तो लहान मुलांतल्यापेक्षा काहीसा चिवट ठरतो.

१९४८ साली बॉस्टन येथील सिडनी फार्बर आणि त्यांचे सहकारी यांनी अमिनोप्टेरिन हे औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. ती सुधारणा तात्पुरती होती, आणि तसे निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. आज अनेक औषधे एकत्र योजतात. आपल्याकडील परसात सर्रास दिसणाऱ्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे त्यांपैकी एक. संपन्न देशांत या आजाराची बहुसंख्य मुले आता पूर्ण बरी होतात.

मात्र हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिला टप्पा सुमारे महिन्याभराचा. त्यानंतर काही महिने तीव्र औषधांचे टप्पे. आणि अखेरीस दीर्घ काळ घरी गोळ्या घेण्याचा देखभालीचा टप्पा. दरम्यान शिरेतून औषधे दिली जातात, पाठीच्या मणक्यांतून सुई घालून औषध सोडले जाते, केस गळतात, तोंड येते. स्टिरॉइडांमुळे चेहरा सुजल्यासारखा गोल होतो आणि स्वभाव चिडचिडा बनतो. पांढऱ्या पेशी घटल्या असता साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून थर्मामीटर हे घरातील सर्वांत महत्त्वाचे उपकरण होते.

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत हा काळ मुंबईत, परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आसपास जातो. आई मुलाजवळ राहते. वडील गावाकडील काम आणि मुंबई यांच्यामध्ये येरझारा घालतात. धाकटी भावंडे आजीकडे राहतात. गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेसारख्या ठिकाणी कितीतरी कुटुंबांचा संसार एका खोलीत किंवा एका खाटेभोवती मांडला जातो. कालपर्यंत ‘आपण’ या एका शब्दात मावणारे घर असे दोन-तीन ठिकाणी विभागले जाते.

२. दोन सर्वनामे

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला आपल्यात धरले असता ‘आपण’, वगळले असता ‘आम्ही’. पहिल्यास समावेशक आणि दुसऱ्यास व्यावर्तक म्हणता येईल. असा भेद तमिळ आणि तेलुगू या द्राविडी भाषांत आहे. आर्यभाषांपैकी मराठी व गुजरातीत तो स्पष्ट आहे. प्रमाण हिंदीत मात्र ‘हम’ या एकाच रूपाने दोन्ही कामे भागतात. ‘आपण’ हे रूप संस्कृत ‘आत्मन्’ शब्दाच्या परंपरेतून आले, आणि समावेशक अर्थाने त्याचा पक्का वापर होण्यात द्राविडी सान्निध्याचा वाटा असावा, असे मानले जाते.

या भेदाचा व्यावहारिक परिणाम असा की, हिंदी बोलणारा बाप “हमने तय किया है” म्हणतो तेव्हा त्यात मुलगा आहे की नाही हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठी बापाला ती मोकळीक नाही. त्याने “आम्ही ठरवलंय, यंदा दहावीला बसायचं नाही” म्हटले की मुलगा बाहेर राहिला. “यंदा दहावीचं काय करायचं, ते आपण ठरवू” म्हटले की तो आत आला. बोलणाऱ्याच्या मनात यांपैकी काही नसेलही. परंतु ऐकणारा मुलगा त्या भाषेत वाढलेला असल्याने त्याला दार उघडले की लागले हे तत्काळ कळते.

‘आपण’चे सर्वच वापर अर्थात सारखे नाहीत. आजाऱ्याशी बोलताना त्याचे निदान तीन प्रकार आढळतात. पहिला खऱ्या सहभागाचा : “उद्या रिपोर्ट आले की आपण डॉक्टरांना विचारू.” दुसरा चुचकारण्याचा : “आपण आता गोळी घ्यायची हं!” येथे गोळी एकटा मुलगाच घेणार असतो, आईचा किंवा परिचारिकेचा त्या क्रियेत भाग नसतो. चार वर्षांच्या मुलाला हा ‘आपण’ आवडतो. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात आपल्याला बाळ ठरविले जात असल्याचा वास येतो. तिसरा प्रकार मुलाच्या स्वतःच्या तोंडचा : “आपल्याला नाही जमणार बुवा.” मुंबईकडील तरुणांच्या बोलीत ‘आपण’ हे कित्येकदा ‘मी’च्या जागी येते. हे वाक्य ऐकून कुटुंब अनेकदा त्याला उद्धटपणा समजते; वस्तुतः ‘मी’ म्हणण्याचे टाळून भीती थोडी दूर ठेवण्याची ती रीत असू शकते.

३. नावाची लपवाछपवी

व्यावर्तक ‘आम्ही’ची पहिली मोठी खूण म्हणजे आजाराचे नाव. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून तिला खेकड्याचे नाव दिले. लॅटिनमधील ‘कॅन्सर’ हा त्याचाच अनुवाद. अरबीतून उर्दूत आलेला ‘सरतान’ आणि मराठीतील ‘कर्करोग’ यांच्याही मुळाशी खेकडाच आहे. सुश्रुताचा ‘अर्बुद’ हा शब्द मात्र केवळ गाठ दाखवितो. घरगुती मराठीत यांपैकी कोणताच शब्द सहजी उच्चारला जात नाही. “मोठा आजार”, “तसलं काहीतरी”, “रक्तात दोष”, “पेशी कमी झाल्यात” असे पर्याय योजले जातात. शेजाऱ्यांना एक शब्द, नातेवाइकांना दुसरा आणि मुलाला तिसरा, अशी वाटणी होते.

हे लपविणे निव्वळ अडाणीपणाचे लक्षण नव्हे. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी रोग्याला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडे कल दाखविला होता; १९७९ सालच्या तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत वैद्यकाची रीत उलटली. तेव्हा ज्या मराठी घराला नाव घेणे जड जाते ते घर, थोड्याच पिढ्यांपूर्वी डॉक्टर स्वतः जे करीत होते, तेच करीत असते. त्यामागे माया असते, आणि नाव घेतल्याने संकट ओढवते ही जुनी समजूतही असते.

परंतु लपविलेले लपून राहते काय? १९६५ साली ग्लेझर व स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी मरणासन्न रोग्यांभोवतीच्या जाणिवेच्या चार अवस्था वर्णिल्या : रोग्याला काही ठाऊक नसणे, त्याला संशय येणे, उभयतांना ठाऊक असून दोघांनीही नसल्याचे भासविणे, आणि उघड बोलणे. मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७८ साली ग्रंथरूपाने आला. तीन ते नऊ वर्षांच्या त्या मुलांना कोणी सांगितले नसतानाही आपल्या आजाराचे गांभीर्य कळले होते. इतर मुलांच्या बोलण्यावरून, मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून आणि एकेक मित्र दिसेनासा होण्यावरून ती ते शिकली होती. आणि आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून न कळल्याचा बहाणा करीत होती. नऊ वर्षांच्या आतील मुलांची ही कथा असेल, तर केसपेपर वाचता येणाऱ्या, दवाखान्याच्या पाटीवरील अक्षरे ओळखणाऱ्या, हातात फोन असणाऱ्या किशोराची वेगळी काय असणार? त्याला बातमी मिळतेच. ती बातमी घेऊन कोणाकडे जावे, हे मात्र त्याला कळत नाही. घरातील मोठी माणसे ‘आम्ही’त जमतात आणि ज्याचा आजार आहे तो एकटा उरतो.

४. ‘उतार’ आणि ‘बरा’

पहिल्या टप्प्याच्या अखेरीस अस्थिमज्जेतील रोगट पेशी बहुधा पाच टक्क्यांच्या खाली येतात. मूल टवटवीत दिसू लागते. या अवस्थेला मराठीत अगदी चपखल असा ‘उतार’ हा शब्द आहे. ताप उतरतो, दुखण्याला उतार पडतो. उतार पडणे म्हणजे संपणे नव्हे, हे भाषा जाणते. तरीही आनंदाच्या भरात “बरा झाला” हे वाक्य तोंडातून जाते आणि गावभर होते. मग भाडेखर्च, कर्ज, बुडालेली मजुरी, दुसऱ्या मुलांची आबाळ यांनी बेजार झालेल्या घराला पुढची दोन वर्षे अनावश्यक वाटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते उच्च उत्पन्नाच्या देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. उशिरा निदान, औषधांची वानवा, उपचारांचे दुष्परिणाम यांच्या जोडीला उपचार अर्धवट सोडणे हे त्याचे एक कारण तेथे नोंदविले आहे. त्याचे मूळ मुख्यतः दारिद्र्यात आहे, शब्दात नव्हे. परंतु ‘उतार’ आणि ‘बरा’ यांतील अंतर डॉक्टरांनी कुटुंबाला आणि कुटुंबाने मुलाला पहिल्याच महिन्यात समजावून दिले, तर निदान गैरसमजाने होणारी हानी टळू शकते.

५. ‘जेवत नाही’ आणि ‘जेववत नाही’

मराठी क्रियापदांत शक्य क्रियापदांचा एक वर्ग व्याकरणकारांनी सांगितला आहे. ‘मी चालतो’ याहून ‘मला चालवते’ हे निराळे. दुसऱ्यात चालण्याची शक्ती अंगी असल्याचे सूचित होते. आजाऱ्याच्या घरी या रूपांना फार महत्त्व येते. तोंडात फोड आलेला, मळमळणारा मुलगा म्हणतो, “मला जेववत नाही.” दारातून आत आलेल्या मामाला आई सांगते, “काही जेवत नाही हो हा!” ‘व’ या एका अक्षराच्या लोपाने असमर्थतेचा नकार झाला. मुलाच्या वाक्यात शरीर अडले होते. आईच्या वाक्यात मुलगा हट्टी झाला. पाठोपाठ मामा उपदेश करतो : “अरे, जेवलं पाहिजे, त्याशिवाय ताकद कशी येणार?” उपदेश खरा असतो, पण तो दिला जातो न केलेल्या गुन्ह्याबद्दल.

याच वाक्यात दुसरीही एक गोष्ट घडलेली असते. मुलगा समोर बसलेला असताना तो ‘हा’ झाला. तपासणीच्या खोलीत हेच होते. डॉक्टर वडिलांकडे पाहून विचारतात, “झोप लागते का त्याला?” आणि वडील उत्तर देतात. शेजारच्या खुर्चीवरचा पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या झोपेविषयीचे संभाषण तृतीयपुरुषात ऐकत राहतो. वडिलांनी अशा वेळी एवढेच म्हणावे : “तूच सांग रे, कशी झोप लागली काल?” प्रश्न योग्य माणसाकडे वळतो, आणि डॉक्टरांना माहितीही अधिक अचूक मिळते.

६. रुकार

अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारासाठी संमतीची सही पालक करतात. परंतु मुलाचे मत गौण नाही, हा विचार आता मान्य झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संशोधनात सहभागी करून घेताना सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती, पालकांच्या संमतीशिवाय स्वतंत्रपणे घ्यावयाची असते. नियम संशोधनापुरता असला तरी त्यामागील तत्त्व नेहमीच्या उपचारालाही लागू पडते. ‘संमती’ आणि ‘अनुमती’ हे शब्द कागदावरचे. बोलीत याला ‘रुकार’ म्हणतात. रुकार देण्यासाठी आधी विचारणा व्हावी लागते, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

किशोराच्या बाबतीत अशी विचारणा करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात. केस गळण्याआधी कापून टाकावयाचे की गळू द्यावयाचे; मित्रांना कोणी व काय सांगावयाचे; दहावीची परीक्षा यंदा की पुढल्या वर्षी. काही निर्णय याहून नाजूक असतात. विशिष्ट औषधांनी व किरणोपचाराने पुढे अपत्यप्राप्तीची क्षमता कमी होऊ शकते. वयात आलेल्या मुलाचे वीर्य उपचारापूर्वी गोठवून ठेवता येते. या विषयासाठी बापलेकांमध्ये, मायलेकींमध्ये मराठी घरात शब्दच तयार नसतात. पहिले इंजेक्शन तर दोन दिवसांवर आलेले असते. अशा वेळी डॉक्टरांनी मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलणे आणि कुटुंबाने ते बोलू देणे, हाही आधाराचाच एक प्रकार होय.

७. गोळ्यांचे नाव

देखभालीच्या टप्प्यात रुग्णालय दूर जाते आणि जबाबदारी घरावर येते. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. केस परत आलेले असतात, शाळा सुरू झालेली असते, मुलगा निरोगी दिसतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्मिता भाटिया व त्यांचे सहकारी यांच्या अमेरिकेतील अभ्यासात औषधाच्या बाटलीचे झाकण केव्हा उघडले याची नोंद ठेवणारी योजना केली होती. मर्कॅप्टोप्युरिनच्या नेमून दिलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि बारा वर्षांवरील मुलांत गोळ्या चुकण्याचे प्रमाण लहान मुलांपेक्षा अधिक असते, असे त्यातून दिसले. पंच्याण्णव टक्के म्हणजे महिन्यातून दोन गोळ्या चुकल्या तरी मर्यादा ओलांडली.

आता ज्या घरात या गोळ्यांना “रक्तवाढीच्या गोळ्या” म्हटले जाते तेथे काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही. रक्त वाढले, असे रिपोर्ट सांगतो. चेहऱ्यावर तेज आले, असे आजी म्हणते. मग रक्तवाढीची गोळी आज राहिली तर बिघडले कोठे? मुलाचा हा तर्क त्याला पुरविलेल्या शब्दापुरता निर्दोष आहे. दोष शब्दात आहे. लपवाछपवी ही मायेपोटी केलेली असली तरी तिचा हिशोब येथे गोळ्यांत चुकता करावा लागतो. उलट “आजार दिसत नाही, पण लपलेला असू शकतो, तो उलटू नये म्हणून ही गोळी” हे वाक्य ज्याला ठाऊक आहे त्याला निदान ती का घ्यावयाची हे समजते. तरीही वयाच्या स्वभावाने विसर पडतोच, म्हणून “घेतलीस का गोळी?” या रोजच्या उलटतपासणीपेक्षा “आजची गोळी झाली का आपली?” असे म्हणून समोर उभे राहणे आणि कॅलेंडरवर खूण करणे अधिक उपयोगी. येथे ‘आपली’ हा शब्द चुचकारण्याचा राहत नाही, कारण आईचाही त्या कामात खरा भाग असतो.

८. उपचार थकले असता

सर्वच मुले बरी होत नाहीत. आजार पुन्हा उलटला आणि औषधे निष्फळ ठरली, तर बोलण्याचा प्रश्न सर्वांत कठीण रूपाने उभा राहतो. स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांची पाहणी २००४ साली क्राइसबर्ग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही बोलल्याचा पश्चात्ताप झाला नव्हता; न बोललेल्या २५८ पालकांपैकी ६९ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, आपण बोलावयास हवे होते असे वाटत होते. स्वीडनची रीत महाराष्ट्राला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. शिवाय न बोललेल्यांपैकी बहुसंख्यांना खंत वाटत नव्हती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. प्रत्येक घराने बोललेच पाहिजे असा नियम यातून निघत नाही. मात्र “बोललो तर मुलगा खचेल, आणि आपण आयुष्यभर स्वतःला दोष देऊ” ही जी भीती घराला गप्प बसविते, तिच्या उत्तरार्धाला या आकड्यांत पुष्टी मिळत नाही. किशोर बहुधा आडून विचारतो : “माझी सायकल दादूला द्यायची का?” त्यावर “असं अभद्र बोलू नये” म्हटले की संभाषण संपते. “तुला काय वाटतं?” म्हटले तर ते सुरू राहते, आणि कितपत बोलावयाचे हे मुलगाच ठरवितो.

९. समारोप

आजारी किशोराला दिलेल्या आधारात पैसा, शुश्रूषा आणि उपचार यांचे स्थान पहिले आहे. भाषा त्यांची जागा घेऊ शकत नाही. परंतु नाव, उतार, शक्य क्रियापद, रुकार, गोळीचे नाव आणि शेवटचे संभाषण या सर्व ठिकाणी एकच प्रश्न पुन्हा उपस्थित होतो : घरातील ‘आपण’ या शब्दात ज्याचा आजार आहे त्याचा समावेश आहे काय? मराठीत हा प्रश्न व्याकरणातच उभा राहतो, आणि म्हणून तो तपासताही येतो. रुग्णालयातील समुपदेशकांसाठी मराठीतून जे साहित्य तयार केले जाते त्यात औषधांच्या माहितीबरोबर अशा वाक्यांच्या जोड्याही देता येतील. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील बोलींत आजाराला व उपचाराला कोणते शब्द वापरतात, मुलांसमोर कोणते टाळतात आणि गावाकडे राहिलेल्या भावंडांना काय सांगितले जाते, याचे पद्धतशीर संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. ते करताना संबंधित कुटुंबाची संमती तर घ्यावीच. मुलाचा रुकारही घ्यावा.